राजूरकर काकूंची नागरी वार्ता

राजूरकर काकूंचा मेसेज आल्याशिवाय आमच्या गल्लीत बर्फ पडला असं कुणी धरत नसे. खिडकीबाहेर फूटभर थर दिसत असला तरी माणसं आधी फोन बघायची. पहाटे पाचच्या आत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘नागरी वार्ता’ येऊन पडलेली असे. वर जावक क्रमांक, मग दिनांक, मग ‘विषय : काल सायंकाळपासून पडत असलेला बर्फ व त्याबाबत सिटीचे धोरण’. त्याखाली मुद्दे. मुख्य रस्ते झाले, शाळेचा रस्ता झाला, आपले कोर्ट बाकी. बर्फ वितळवायच्या मिठाची गाडी येऊन गेली, मीठ पडले नाही. कचऱ्याची गाडी उद्या येईल असे सिटी म्हणते. फायर हायड्रंटभोवतीचा, म्हणजे आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या नळाभोवतीचा, बर्फ काढण्याची आजची पाळी घर क्रमांक सहा यांची. कळावे.

घर क्रमांक सहा म्हणजे मी.

हे सगळं आधी मराठीत आणि खाली पुन्हा इंग्रजीत असायचं, कारण अकरा घरांत मराठी आम्ही तीनच. माझी मुलगी इथेच जन्मलेली. ती मजकूर वाचायच्या भानगडीत न पडता फोन माझ्यापुढे धरायची. “बाबा, शी वाँट्स यू. अगेन.” अंथरुणातून उठताना मी जे पुटपुटायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं गाव शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही पुढे. नाव मुद्दामच सांगत नाही. गल्ली पुढे बंद आहे, टोकाला गोल वळण आहे. असल्या बंद गल्लीला इकडे कोर्ट म्हणतात. आणि बर्फ पडला की सिटीचे प्लाऊ, म्हणजे पुढे भलंमोठं पातं लावलेले ट्रक, आधी मोठे रस्ते साफ करतात, मग मधले, मग घरांपुढचे, आणि सगळ्यांत शेवटी कोर्टं. सगळ्या कोर्टांत आमचा नंबर अगदी शेवटचा. ट्रक आमच्याकडे पोचायला अकरा वाजायचे, कधी एक. तोवर गाडी काढायची सोय नाही. तरण्याताठ्या माणसाला याचं काही वाटत नाही. तो लॅपटॉप उघडतो आणि ‘वर्किंग फ्रॉम होम टुडे’ असं कळवून मोकळा होतो.

काकूंच्या घरी मात्र ती सोय नव्हती. काकांचं डायलिसिस होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला खुर्ची. त्यांना न्यायला सव्वापाचला व्हॅन यायची आणि व्हॅनचा नियम असा की साफ न केलेल्या गल्लीत ती शिरणार नाही. उशीर झाला तर तेवढा वेळ कापला जायचा, कारण दहाला त्या खुर्चीवर दुसरा पेशंट. फारच उशीर झाला तर त्या दिवसाचं गेलंच. मग अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, काकांना आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दक्षिणेत अल्फारेटाला गेला होता आणि “तुम्ही इकडे या, इथे बर्फच नाही” म्हणून मागे लागला होता. पण काकांचे डॉक्टर इथले, खुर्ची इथली. काका म्हणाले, आता नव्या ठिकाणी नव्या नर्सच्या सुया नकोत. म्हणून दोघं इथेच राहिली आणि आमच्या नशिबी आली.

काकू उंचीने जेमतेम पाच फूट. घरात कॉटनची साडी. बाहेर पडताना तिच्यावरच मुलाचा जुना जाडजूड कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, डोक्याला माकडटोपी, पायांत बूट. या थाटात त्या प्लाऊच्या आडव्या जायच्या. विदर्भातल्या एका नगरपालिकेत एकतीस वर्षं आवक-जावक विभागात नोकरी केलेली. आलेला प्रत्येक कागद रजिस्टरमध्ये चढवायचा, त्याला नंबर द्यायचा, पुढे पाठवायचा. त्यांच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारचे कागद होते, नंबर पडलेले आणि न पडलेले. अमेरिकेत आल्या म्हणून त्यांच्या डोक्यातलं ऑफिस बंद झालं नव्हतं. फक्त नगरपालिका बदलली होती.

पहिलं निवेदन द्यायला त्यांना सिटी हॉलमध्ये मीच घेऊन गेलो. तेव्हा मला माणुसकीचा पुळका आला होता. निवेदनावर अकरा घरांच्या सह्या. मागणी एकच, की कोर्टांचा क्रम फिरता ठेवावा. एका बर्फाला हे कोर्ट पहिलं, पुढच्या बर्फाला दुसरं, अशी सगळ्यांना पाळी यावी. मागणी रास्त होती, हे मी आजही म्हणेन. काउंटरवर डेबी नावाच्या बाई होत्या. त्यांनी कागद घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, “नेक्स्ट टाइम यू कॅन जस्ट ईमेल इट, मॅम.”

काकूंनी दुसरी प्रत पुढे सरकवली. “पोच पायजे.”

“काकू, इथे तसं नसतं,” मी हळूच म्हणालो.

“पोच सगळीकडे असते. तू सांग त्यांना.”

मी सांगितलं. कागद मिळाल्याचा शिक्का, तारीख आणि सही, आमच्या प्रतीवर. डेबीबाईंनी इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आतल्या खोलीत जाऊन आल्या, आणि शेवटी कुठल्याशा खणातून एक शिक्का काढला. त्यातलं वर्ष केव्हाच मागे राहिलेलं. काकूंनी ते तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त केलं आणि दुरुस्तीवर डेबीबाईंची छोटी सही घेतली. आमच्या मागे कुत्र्याचं लायसन्स काढायला आलेला एक उंच माणूस पाच मिनिटं ताटकळत होता. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, “चांगली बाई आहे. फक्त ट्रेनिंग नाही.” मी गाडी सुरू केली. मीटिंग बुडवून आलो होतो.

पुढे दर महिन्याला एक स्मरणपत्र. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, संदर्भ अमुक, संदर्भ तमुक. सहाव्या स्मरणपत्रापर्यंत डेबीबाईंनी नवा शिक्का मागवला होता आणि काकूंना लांबून येताना बघूनच तो हातात घेऊन बसायच्या. उत्तर मात्र एकच यायचं. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, रस्त्यांचा क्रम कॉम्प्युटर ठरवतो.

“कॉम्प्युटरला कोण सांगतं?” काकू मला विचारायच्या, जसा काही त्याचा प्रोग्राम मीच लिहिला होता.

मग कौन्सिलच्या सभा. महिन्यातून दोन मंगळवारी संध्याकाळी भरतात आणि नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलू देतात. समोर दिव्याची पेटी असते. हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की थांबायचं. कुणी थांबत नाही, आणखी अर्धं मिनिट रेटतात, मेयर हसून चालवून घेतात. काकू “रिस्पेक्टेड मेयर सर अँड ऑनरेबल मेंबर्स” अशी सुरुवात करायच्या आणि त्यातच वीस सेकंद जायचे. पहिल्या वेळी त्या “अँड देअरफोर वुई हम्बली रिक्वेस्ट दॅट” इथवर आल्या आणि लाल दिवा लागला. काकूंनी तोंड मिटलं, कागदाची घडी घातली आणि जागेवर येऊन बसल्या. मेयर म्हणाले, “मॅम, प्लीज, फिनिश युअर सेंटेन्स.” काकूंनी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

दोन आठवड्यांनी पुढची सभा. नाव पुकारल्यावर काकू उठल्या, माइकपाशी गेल्या, हिरवा दिवा लागला, आणि त्यांनी सुरुवात केली, “द ऑर्डर ऑफ कोर्ट्स शुड बी रोटेटेड.” मागचं पुढचं काही नाही. मेयर मागच्या सभेचे कागद चाळायला लागले. शेजारचा मेंबर त्यांच्या कानाला लागला. मी मागच्या रांगेत खुर्चीत जितकं खाली सरकता येईल तितका सरकलो होतो. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं, पण नागरी वार्तेत दुसऱ्या दिवशी ‘सभेस उपस्थित : श्री. मिलिंद, घर क्रमांक सहा’ असं छापून आलं आणि बाकीच्या घरांनी खाली शाबासकीचे अंगठे टाकले.

माझी बायको मनीषा मुळात शांत आहे. तिचंही डोकं एकदा फिरलं, ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. घरात तीसेक बायका, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, वाण म्हणून डबे, बाहेर गल्लीत दोन्ही बाजूंना ओळीने गाड्या. चारच्या सुमाराला बर्फ सुरू झाला. काकू तिळगूळ खाता खाता दर पंधरा मिनिटांनी उठून मागच्या डेकवर जायच्या आणि स्टीलची पट्टी बर्फात खुपसून बघायच्या. त्या पर्समध्ये पट्टी बाळगायच्या. पाचव्या खेपेला त्या आत आल्या, दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाणाचा डबा काखेत धरून त्यांनी जाहीर केलं, “दोन इंच झाले. रस्त्यावर गाडी ठेवायला आता बंदी लागली. सगळ्यांनी गाड्या काढाव्यात.”

“काकू, अहो अजून अर्ध्या जणींना कुंकू लावायचंय,” मनीषा म्हणाली.

“कुंकू नंतर लागेल. प्लाऊ आला आणि गाड्या बघून परत गेला, तर दोष कोणाचा?”

कुणी हसलं, कुणी “यार, सीरियसली?” म्हणालं, पण काकूंच्या पुढे कुणाचं काही चाललं नाही. तीस बायका साड्या पोटरीपर्यंत उचलून, नवऱ्याचे, मुलांचे, सापडतील त्याचे बूट घालून बाहेर गेल्या. गाड्या चर्चच्या पार्किंगमध्ये लावून चालत परत आल्या तेव्हा हलव्याचे दागिने विरघळून ब्लाउजना चिकटले होते. प्लाऊ त्या दिवशी आलाच नाही. मनीषाने महिनाभर काकूंचं नाव काढलं नाही आणि मला म्हणाली, “पुढच्या वर्षी मी हळदीकुंकू जूनमध्ये करणार.”

रागावलो तरी काकूंना टाळता येत नव्हतं, कारण सोमवार, बुधवार, शुक्रवार होतेच. त्या दिवशी बर्फ असला की मी साडेचारला उठून स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन, बाहेर काढायचो आणि त्यांच्या दारापासून कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत माणूस जाईल एवढी वाट पाडायचो. काका एका हाताने माझा दंड आणि दुसऱ्या हाताने काकूंचा खांदा धरून चालायचे. ते ड्रॉइंगचे मास्तर होते, मितभाषी. एकदा अर्ध्या वाटेत दम खायला थांबले आणि म्हणाले, “मिलिंद, हिचं निवेदन मंजूर होईपर्यंत मला काही होणार नाही. कागद पेंडिंग ठेवून ती मला जाऊच देणार नाही.” काकू म्हणाल्या, “बोलू नका, थंड हवा तोंडात जाते.”

खरी चीड यायची ती पुढच्या गोष्टीची. सिटीकडे एक सोय होती. ज्या घरातल्या आजारी माणसाला ठरलेल्या वेळी बाहेर पडावंच लागतं, त्या घराचं नाव एका यादीत घालता येतं. मग ट्रक त्या घरापुढचा रस्ता सगळ्यांत आधी साफ करून जातो. ऑनलाइन फॉर्म, एक पान. मी काकूंना तो दाखवला. मला वाटलं, काकू खूश होतील.

“म्हणजे वशिला,” काकू म्हणाल्या.

“वशिला कसला? नियमात आहे हे. लिहिलंय इथे.”

“लिहिलं असेल. आपल्या घराला पहिला नंबर म्हणजे बाकी कोर्टांना मागे सारायचं. त्यांच्याकडे कोणी आजारी नसेल का? त्यांना फॉर्म माहीत नसेल. मी एकतीस वर्षं रजिस्टर सांभाळलं, मिलिंद. आमदाराच्या मेहुण्याचाही कागद वर घेतला नाही. ज्याचा अर्ज आधी, त्याचा नंबर आधी. आता स्वतःच्या नवऱ्यासाठी रांग मोडू?”

“काकू, हा काय नळाच्या कनेक्शनचा अर्ज आहे का? काकांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच म्हणते, क्रम फिरता करा. सगळ्यांचंच भलं होईल.”

मी त्यांच्याशी तासभर वाद घातला. मुलाने अल्फारेटाहून फोनवर घातला. काकूंनी भीक घातली नाही. तत्त्वाची माणसं दुरून फार थोर दिसतात. शेजारी राहायला आली की समजतं, त्यांच्या तत्त्वासाठी पहाटे साडेचारला कोण उठतं ते.

त्या जानेवारीत एका सोमवारी ओला, जड बर्फ पडला. कोर्टाच्या तोंडाशी, जिथे मोठ्या रस्त्यावरचा प्लाऊ जाता जाता बर्फाचा बांध घालून जातो, तिथे माझं मशीन अडकलं आणि बंद पडलं. मी आणि काकू फावड्यांनी उपसत होतो. व्हॅन पलीकडे उभी होती. ड्रायव्हर बिचारा दहा मिनिटं जास्त थांबला आणि मग त्याला पुढचा पेशंट होता, तो गेला. काका दाराशी कोट घालून उभे होते. काकूंनी आत जाऊन त्यांचा कोट काढला, एवढंच मला दिसलं. मंगळवारी संध्याकाळी काकांना श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स आली तोवर गल्ली साफ झालेली होती. दोन दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यातली पहिली रात्र बरी नव्हती.

बुधवारी मी ऑफिसात बसून तो फॉर्म भरला. माझ्या नावाने, माझ्या ईमेलवरून, ‘पेशंटशी नातं : शेजारी’. सात मिनिटं लागली. काकूंना विचारलं नाही. विचारून काय उत्तर आलं असतं ते मला पाठ होतं. रागाच्या भरात मी तो भरला. त्या रागात प्रेमही होतं म्हणा, पण मुख्य होता तो रागच.

पुढच्या बर्फाला पावणेपाचलाच ट्रक आमच्या कोर्टात शिरला. मी खिडकीतून बघत होतो. गोल वळण घेऊन, काळा डांबरी रस्ता उघडा पाडून, तो बाहेर गेला आणि सव्वापाचला व्हॅन थेट काकूंच्या दारात उभी राहिली. तासाभरात नागरी वार्ता आली. ‘विषय : निवेदनास यश.’ कोर्टांचा क्रम बदलण्याची आपली मागणी सिटीने विचारात घेतलेली दिसते. सर्व सह्या करणाऱ्यांचे अभिनंदन. सनदशीर मार्गाने काम होते.

त्या शेवटच्या वाक्याने माझं पित्त खवळलं. संध्याकाळी त्यांनी घरोघर बेसनाचे लाडू वाटले. मला दोन लाडू हातावर ठेवून म्हणाल्या, “बघ, तू म्हणत होतास फॉर्म भरा. लागला का फॉर्म?” मी लाडू तोंडात कोंबला. मनीषा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. दार लागल्यावर ती म्हणाली, “सांगून टाक की.” मी म्हटलं, “सांगितलं तर ती बाई उद्या जाऊन नाव काढून टाकेल.” मग कुणीच काही सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात काकांचा एकही सोमवार, एकही बुधवार, एकही शुक्रवार चुकला नाही.

काका पुढच्या ऑक्टोबरमध्ये गेले. बर्फाचा त्यात काही संबंध नव्हता. दुपारी जेवून पडले होते, हृदय थांबलं. मुलगा आला, सगळं पार पडलं, तो आईला अल्फारेटाला चला म्हणाला. काकू म्हणाल्या, येते, नवीन वर्ष लागू दे, इथली कामं आटपायची आहेत. कसली कामं ते मी विचारलं नाही. नागरी वार्ता बंद होती. हायड्रंटची पाळी कुणाची ते कुणालाच कळत नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बर्फ पडला. पावणेपाचला ट्रकच्या आवाजाने मला जाग आली. आमचं कोर्ट पहिलं. नाव अजून यादीत होतं. ते काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उठून खिडकीशी गेलो. काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा होता. ट्रक रिकाम्या कोर्टात एक गोल चक्कर मारून, रस्ता चकचकीत करून निघून गेला. सव्वापाचला कुणी आलं नाही.

साडेआठला काकूंचा फोन. “गाडी काढ. सिटी हॉलला जायचंय.”

मला वाटलं, काहीतरी पत्त्याबित्त्याचं असेल. डेबीबाई काकूंना बघून उठूनच उभ्या राहिल्या, त्यांचा हात हातात घेतला, म्हणाल्या, “आय हर्ड. आय ॲम सो सॉरी.” काकूंनी मान डोलावली. मग पर्समधून चष्मा काढून घातला आणि म्हणाल्या, “अवर हाउस इज इन मेडिकल लिस्ट. प्लीज रिमूव्ह.”

मी काउंटरवरची माहितीपत्रकं चाळायला लागलो.

डेबीबाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. त्या अवघडल्या. म्हणाल्या, ज्याने फॉर्म भरला त्यालाच नाव मागे घ्यावं लागतं, आणि इथे दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतंय.

“येस,” काकू म्हणाल्या. “ही इज हिअर.” आणि माझ्याकडे न बघता बाजूला सरकल्या.

डेबीबाईंनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. नाव काढण्याचं कारण. तीन चौकोन होते. घर बदललं. गरज संपली. पेशंट हयात नाही. मी पेन हातात घेऊन उभा होतो. काकू भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, नजर बाहेर पार्किंगकडे. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली.

परत येताना मी विचारलं. कधीतरी विचारायलाच हवं होतं. “काकू, कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी.”

“कसं?”

“अरे, एकतीस वर्षं ऑफिसात काढली मी. निवेदनावर अशी एका रात्रीत कार्यवाही होते का कुठे?”

“मग ते लाडू? ती वार्ता? काकू, तुम्ही मला दारात उभं करून सुनावलंत!”

सिग्नल लागला होता, समोरून मिठाची गाडी जात होती. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, “नाव काढायला मी दोनदा निघाले होते. कोट घालून दारापर्यंत आले. पण यांना सहाला पोचायचं असायचं ना रे.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, की मग सरळ सांगायचं नाही का, मी वर्षभर तोंड दाबून बसलो होतो. सिग्नल सुटला. गाडी चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नागरी वार्ता आली. जावक क्रमांक जिथे थांबला होता त्याच्या पुढचा. ‘विषय : शुद्धिपत्र. गेल्या जानेवारीच्या वार्तेत, निवेदनामुळे आपल्या कोर्टाची पाळी पहिली झाली असे प्रसिद्ध झाले होते. ते खरे नव्हते. लिहिणारीस ते त्या वेळीही ठाऊक होते. पाळी एका घरातील आजारपणामुळे बदलली होती. ते कारण आता उरलेले नाही. पुढील बर्फापासून आपले कोर्ट पूर्वीप्रमाणे शेवटी. ज्या कोर्टांना या काळात आपल्यामागे थांबावे लागले, त्यांची लिहिणारी क्षमा मागते. कळावे.’ ती कोर्टं आमच्या ग्रुपवर नव्हती. काकूंनी कुणाची क्षमा मागितली ते त्यांनाच ठाऊक. ग्रुपवर कुणी अंगठा टाकला नाही, कुणी काही लिहिलं नाही. त्यांच्या शेजारची कॅरल आजी तेवढी काठी टेकत त्यांच्या घरी जाऊन बसून आली.

नवीन वर्षाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा बर्फ झाला, चांगला आठ इंच. जानेवारीच्या दोन तारखेला मुलगा काकूंना न्यायला येणार होता. साडेअकरा वाजून गेले तरी ट्रकचा पत्ता नव्हता. समोरचा तेलुगू मुलगा गाडी अर्धी बाहेर काढून अडकला होता आणि फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. मी हायड्रंट मोकळा करायला बाहेर पडलो. पाळी कुणाची होती देव जाणे. काकूंच्या घरापुढचा बर्फ पांढरा सपाट, कुणाचं पाऊल नाही. त्या पुढच्या खोलीत खिडकीला खुर्ची लावून बसल्या होत्या, अंगावर शाल, हातात कप. मी काच वाजवली. त्यांनी खिडकी बोटभर वर केली.

“काकू, मशीन आणतो. वाट करून देऊ का मोठ्या रस्त्यापर्यंत?”

“नको रे,” त्या म्हणाल्या. “येईल आपल्या नंबराने. मला आता घाई नाही.”